माण-खटावच्या बोडक्या डोंगरावर बिनवाटेने चढाई: सोंडेने जावं की घळीने?

कोरेगावचा_भटक्या

नमस्कार मंडळी,

घाटमाथ्यावरच्या नाळा, घाटवाटा, मुक्कामाच्या गुहा यांवर इथे भरपूर लिहून झालंय. आपल्याच जिल्ह्याची उगवतीकडची बाजू मात्र बहुतेकांच्या खिजगणतीत नसते. साताऱ्याहून पंढरपूर रस्त्याने निघून वर्धनगडाची खिंड ओलांडली की पाऊस मागेच राहतो. तिकडे महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि इकडे दहिवडीला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. जिल्हा एकच.

या भागात भटके येतात ते किल्ल्यांसाठी. वर्धनगड, महिमानगड, भूषणगड, वारुगड, संतोषगड. पायऱ्या किंवा मळलेली वाट, वर देऊळ, फोटो, परत. शंभू महादेवाच्या रांगेतले मधले बिननावाचे डोंगर कुणी चढत नाही. महिमानगडाच्या माथ्यावरून असाच एक लांबट, तपकिरी, झाड औषधालाही नसलेला डोंगर दिसतो. पायथ्याला वस्ती, वस्तीबाहेर पाण्याची टाकी, टाकीमागून एक सोंड थेट वर जाते. मध्ये दोन काळे कडे आडवे पसरलेत. सोंडेच्या डाव्या अंगाला एक घळ आहे, ती लांबून सोपी वाटते. माथ्यावर ना किल्ला ना देऊळ, म्हणून वाटही नाही.

मला तो बिनवाटेने चढायचा आहे. मळलेल्या वाटेवर पाय आपोआप पडत राहतात. वाट नसली की दगड, उतार, सावली, वारा, सगळं स्वतः वाचावं लागतं. डोंगराशी खरी ओळख अशीच होते असं माझं ठाम मत आहे.

तर प्रश्न असे: सोंडेने जावं की घळीने? महिना कोणता? आणि या कोरड्या मुलखात बिनवाटेने फिरलेल्यांचे अनुभव?

कुसळ

वाचतोय. मोजे कोणते घालावेत यावरही कुणीतरी लिहा. माझ्या आयडीवरून कळलंच असेल मी का विचारतोय.

भूगोलाचे_मास्तर

छान विषय. चढण्याआधी तो डोंगर पायथ्यावरून पाऊण तास बघा. आपले हे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर घट्ट काळ्या कातळाचा, त्यावर किंवा खाली एक सच्छिद्र, ठिसूळ थर. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा मुरूम होतो. त्यामुळे उतार कधीच एकसारखा नसतो. कडा, मग उताराची पट्टी, परत कडा, परत पट्टी.

बिनवाटेने जाणाऱ्याला याचा अर्थ असा: कड्याच्या बुडाशी जी पट्टी असते तिथे वरून पडलेला सगळा माल साचलेला असतो. हाच तो घसारा. लांबून ती पट्टी कड्यापेक्षा सोपी दिसते, पण पाय सगळ्यात जास्त तिथेच सुटतो, कारण मुरमावर सुटी खडी म्हणजे पायाखाली ज्वारी पसरल्यासारखं. याउलट कडा अखंड असेल तर अवघड असला तरी प्रामाणिक असतो. त्याचा दगड जागेवर असतो.

कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये तांबडा, विटेसारखा पट्टा दिसतो. त्यातून पाणी खाली सहज मुरत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत त्याच्यावरच्या अंगाला ओल, कधी बारीक पाझर सापडतो. तिथे गवत हिरवं राहतं. पण त्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका.

मेंढक्याचा_नातू

मास्तर बरोबर बोलले. पण भटकेसाहेब, "वाट न्हाय" असं कसं म्हणता? तो डोंगर आमच्या घरातनं दिसतो. माझ्या आज्जाची हयात त्याच्यावर मेंढरं राखण्यात गेली. माणसाची वाट न्हाय, मेंढराची हाय. फरक एवढाच की माणूस वर जायला वाट पाडतो आन मेंढरू चरायला. म्हणून मेंढराची वाट आडवी जाते, चढत न्हाय. एका पट्टीवरनं डोंगराला वळसा घालती. तिच्यावर पाय ठेवला की खडी दाबून बसलेली असती, घसरत न्हाय.

दुसरं, घळीचा विचार सोडा. घळीतनं पाणी उतरतं, मेंढरू उतरत न्हाय. मधी एक टप्पा हाय, खालनं दिसत न्हाय. दोन पुरुष उंच, गुळगुळीत. पावसाळ्यात तिथनं धार पडती.

आज्जाची एक सवय सांगतो. काठीचं लोखंडी टोक दगडावर आपटायचा आन थांबायचा. खणखणीत वाजला तर पाय. बद्द वाजला तर तो दगड खाली सुटलेला, नुसता टेकलेला. वळून दुसरा बघायचा. अंधारात पण असाच चालायचा.

सातारी_दोरखंड

नातूंनी घळीचा मुद्दा निकालात काढला. त्यामागचं कारण थोडं उलगडून सांगतो, कारण बिनवाटेच्या चढाईत अपघात बहुतेक वेळा उतरताना होतात.

डोंगर वर चढताना सोंडा एकमेकींना मिळत जातात. कुठूनही सुरुवात करा, माथ्याकडेच जाता. उतरताना तीच सोंड फुटत जाते. एका जागी दोन फाटे, पुढे परत दोन. वरून सगळे सारखे दिसतात आणि माणूस भलत्याच फाट्यावर लागतो. घळीचं उलटं. उतरताना सगळे ओघळ एका घळीला मिळतात, त्यामुळे चुकल्यासारखं वाटतच नाही. माणूस निर्धास्त खाली सरकत राहतो आणि मध्येच कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर येऊन उभा राहतो. मागे घसारा, पुढे कडा. बचावासाठी जावं लागतं ते बहुतेक अशाच जागी.

म्हणून चढताना दर फाट्यावर मागे वळायचं आणि उतरताना हे कसं दिसेल ते डोळ्यांत भरून घ्यायचं. मोबाईलवर फोटो काढलात तर तोही खालच्या दिशेने काढा. फाट्यावर तीन दगडांची लगोरी रचा आणि उतरताना ती मोडून टाका, नाहीतर पुढच्या माणसाला ती चुकीचं काहीतरी सांगेल.

कातळावर दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. जिथून उतरता येईल याची खात्री नाही तिथे चढायचं नाही. आणि घसाऱ्यावर एकामागोमाग एक रांगेत कधीच जायचं नाही. तिरकं, बाजूबाजूने. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात जातो. दगड सुटला की "दगऽऽड" म्हणून ओरडायचं. तो लहान होता की मोठा, हे नंतर बघता येतं.

घाटमाथा

+१. नाळेतून उतरतानाही हेच.

आक्का_दहिवडी

मला हा धागा वाचून वाईट वाटलं, ते स्पष्ट लिहिते.

तुम्ही सगळे दगडाचं, घसाऱ्याचं, पायांचं बोलताय. त्या उतारावर आम्ही काय केलंय ते कुणी बोललं नाही. लांबून "बोडका" दिसणाऱ्या त्या डोंगराच्या खालच्या अर्ध्या अंगावर सलग समतल चर आहेत. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, डोंगराला आडवे, एका पातळीत. चराची माती खालच्या अंगाला टाकून बांध केलेला असतो. पडलेलं पाणी चरात थांबतं, मुरतं आणि खाली विहिरीला येतं. आमच्या भागातल्या बायकांनी एप्रिल-मेच्या उन्हात, पहाटे आणि संध्याकाळी, टिकाव-पाट्या घेऊन हे खणलंय. कोरेगावकर, तुमच्याच तालुक्यातलं वेळू २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, पहिलं आलं आणि २०१८ ला आमच्या माणमधली टाकेवाडी. ही गावं बक्षिसामुळे सगळ्यांना माहीत झाली. बक्षीस न मिळालेल्या किती गावांनी तेवढंच खणलं ते बाहेर कुणाला माहीत नाही.

आता बिनवाटेने सरळ वर जाणारा माणूस काय करतो? चर उडी मारून ओलांडतो आणि पाय बरोबर बांधाच्या डोक्यावर देतो, कारण तिथेच माती मऊ असते, आधार वाटतो. बांधाला एक खाच पडते. पहिल्या मोठ्या पावसात चर भरला की सगळं पाणी त्या खाचेतून जातं, कारण ती जागा सगळ्यात खाली झालेली असते. मग खालच्या चराचा बांध फुटतो, मग त्याच्या खालचा. ओघळ पडतो. एका बुटाच्या खाचेतून वरपासून खालपर्यंत फुटलेली रांग मी पाहिलीय. ती परत बांधायला परत तेच हात लागले.

डोंगराशी ओळख करून घ्यायची तर त्या डोंगरावर कोणी काय केलंय हेही ओळखा. माझ्या मते येऊच नका.

कोरेगावचा_भटक्या

आक्का, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खाचेतून रांग फुटते हे मनात ठेवूनच आता पुढचं ठरवेन. बांधाला पाय न लावता चर ओलांडता येतात का, की त्या उतारावर पाऊलच टाकू नये असं तुमचं म्हणणं आहे? तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरा डोंगर बघेन.

विट्याचा_गलाईवाला

मी मूळ खानापूर तालुक्यातला, गलाईच्या धंद्यामुळे जोधपूरला. आमच्या विटा-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, त्यामुळे जातील तिथला डोंगर चढायची सवय आपोआप लागते.

नातूंनी काठीने दगड वाजवायचं लिहिलं आणि मला इथली गोष्ट आठवली. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. ज्वालामुखीच्याच दगडाचा खडकाळ भाग, पण आपल्यासारखा काळा बेसॉल्ट नव्हे, तांबूस करडा रायोलाइट. तिथे वेडी बाभूळ इतकी माजली होती की बाकी काही उगवत नव्हतं. २००६ पासून ती काढायला घेतली. दगडाच्या फटीत गेलेली मुळं निघेनात. तेव्हा खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले खंडवालिया लोक आले. ते हातोडीने खडक वाजवत, आवाजावरून फट कुठे आणि किती खोल ते ओळखत आणि नेमकं तिथे फोडून मूळ बाहेर काढत. आज तिथे वाळवंटी खडकावर वाढणारी मूळची झाडं परत लावलेली आहेत. थोर, कुमट, गवतं. पावसाळ्यानंतर बघण्यासारखं.

चढाईचं म्हणाल तर इथला खडक पायाला चिकटतो, खरबरीत आहे, सुटी खडी कमी. आपल्या माणदेशातलं मुरूम-खडीचं मिश्रण जास्त फसवं. तापण्याच्या बाबतीत मात्र काळा दगड तो काळाच. दुपारी हात टेकवत नाही.

फिनिक्सकर

गाव तासगाव, मुक्काम ॲरिझोना. खरं खडकाळ वाळवंट माझ्या दारात आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो. आक्कांचा मुद्दा मला फार पटला, कारण इकडेही वाद नेमका तोच आहे.

शेजारच्या युटाह राज्यात बऱ्याच ठिकाणी वाळूवर एक काळसर, खडबडीत खपली दिसते. ती माती नसते, जिवंत असते. सूक्ष्म जीवाणू, दगडफूल, शेवाळ यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते. तिच्यामुळे वाळू उडत नाही, ओल टिकते. एका पावलात ती फुटते आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून तिथे बिनवाटेने जायचंच असेल तर एकच नियम: दगडावरून, खडीवरून किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चाला. जिवंत जमिनीवर पाय नको. आणि जिथे दगडही नाही आणि खपलीही नाही, अशा गवताळ जागी सगळ्यांनी एकाच रेषेत न जाता पसरून जायचं, म्हणजे नवी वाट पडत नाही.

ऊन: २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. अतिउष्णतेचा इशारा असला की शहरातल्या कॅमलबॅक डोंगराच्या वाटा दिवसा बंदच करतात, कारण तिथून उचलून आणाव्या लागणाऱ्यांत धडधाकट तरुण पुष्कळ असतात. ते पाणी नेतात, पण अर्धं संपलं की परत फिरायचं हे पाळत नाहीत.

आणि इथे चोया नावाचं निवडुंग आहे. नुसतं घासून गेलात तरी त्याचा काटेरी गोळा तुटून अंगाला चिकटतो. हाताने काढायला गेलात तर हाताला. म्हणून इथले जुने भटके खिशात कंगवा ठेवतात. कंगव्याचे दात गोळ्याखाली घालून एका झटक्यात उडवायचा.

कुसळ

कंगवा! मोज्यांचा प्रश्न सुटला. आता डोंगरावर कंगवा कशाला नेतोस हे घरी पटवून द्यायचं तेवढं राहिलं.

घाटमाथा

केस विंचरायला नेतोय म्हणालात तर तुमचा फोटो पाहिलेला कुणी विश्वास ठेवणार नाही. :)

मिरजेची_डॉक्टर

हसून झालं असेल तर थोडं तब्येतीचं.

घाम येऊन फक्त पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ कमी होतं. डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजाने जास्त मीठ टाकू नका.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागला, चिडचिडा झाला, तर तो दमलाय असं समजू नका. तो उष्माघात असू शकतो. सावली करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. प्यायचं पाणी अंगावर ओतायला जीव धजत नाही, पण अशा वेळी तेच करायचं असतं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

या खडकाळ भागात फुरसं असतं. हातभरही नसतं, रंग मातीचा, दगडाखाली किंवा कपारीत बसतं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. चढताना डोळ्यांना न दिसणाऱ्या कपारीत बोटं घालू नका, हा खरा उपाय. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि थेट रुग्णालय. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून घेऊन येण्यात वेळ घालवू नका.

जतकर

सांगलीकडचंही नाव घ्या की! बिनवाटेने जायचं तर आमच्याकडे माळ काय कमी आहेत? बाणूरगडच घ्या. जुनं नाव भूपाळगड, १६७९ मध्ये दिलेरखानाने घेतला तोच. बहिर्जी नाईकांची समाधी तिथे आहे. आता वर गाडी जाते, पण भोवतालच्या सोंडा धरून चढण्यात मजा आहे. दंडोब्याचा डोंगरही छान, वर गुहेतलं देऊळ.

सागरेश्वरात मात्र वाट सोडू नका. ते अभयारण्य आहे, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. उघड्या टेकड्यांवर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. तिथे हरणांच्या मागे रानात शिरणं म्हणजे त्यांच्या कामावर पाय देणं.

महिन्याचं म्हणाल तर माझं मत श्रावण. डोंगर हिरवा, हवा गार, पाणी कमी लागतं.

सातारी_दोरखंड

श्रावणाला माझा विरोध. कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मुरूम ओला झाला की वरची पाच-सहा बोटं माती पायाबरोबर निघून येते. आणि आक्का म्हणतात ते बांधही तेव्हाच सगळ्यात मऊ असतात.

जतकर

बांधांचा मुद्दा मान्य. मग दिवाळीनंतर.

कुसळ

दिवाळीनंतर कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याचं टोक भाल्यासारखं, मागे पीळ दिलेली शेपटी. ओल लागली की ती शेपटी स्वतःभोवती फिरते आणि टोक आत घुसतं. जमिनीत बी पेरायला निसर्गाने केलेली सोय आहे, पण घामाने भिजलेला मोजा आणि जमीन यांतला फरक तिला कळत नाही. गवत कापून झालं की या. म्हणजे पौष-माघ, जानेवारी.

शिंगणापूरचा_पुजारी_नाही

एवढी बूट-मोज्यांची चर्चा चाललीय म्हणून लिहितो. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाट बघितलाय का कुणी? यात्रेत चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी त्या घाटातून वर चढवतात. उभा खडक, सुटे दगड आणि खांद्यावर पाण्याने भरलेली कावड. लोक माणसांची साखळी करतात, एक हात खालच्याला, एक हात वरच्याला, "हर हर महादेव" म्हणत कावड वर जाते. सासवडची तेल्या भुत्याची कावड चढते तेव्हा तर अंगावर काटा येतो. त्यातले कितीतरी अनवाणी असतात.

घाटमाथा

मग अनवाणी जायचं का आता?

शिंगणापूरचा_पुजारी_नाही

नाही. सांगायचं ते वेगळं. तिथे कुणी एकटा चढत नाही. पाय सुटला तर धरायला दहा हात असतात, आणि कुठल्या दगडावर भार द्यायचा हे पुढच्या माणसाला बापाने, चुलत्याने दाखवलेलं असतं. भटकेसाहेब एकटे निघालेत का, हे अजून कुणी विचारलंच नाही.

कोरेगावचा_भटक्या

चांगला प्रश्न. आम्ही तिघं-चौघं असू. एकटा नाही. नकाशाचं काय करावं? मोबाईलमधल्या नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आहेत. त्यात तो घळीतला टप्पा दिसत नाही, सोंडेवरचा दुसरा कडाही अर्धवटच दिसतो.

भूगोलाचे_मास्तर

दिसणारच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात दोन समोच्चरेषांमधलं अंतर २० मीटरचं. म्हणजे १५ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जातो. मोबाईलमधल्या नकाशांचंही तेच, त्यांतल्या बऱ्याच रेषा उपग्रहाच्या ढोबळ उंचीवरून काढलेल्या असतात. नकाशावरून डोंगराचा आकार कळतो, सोंडेची दिशा कळते. पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. त्यासाठी दुर्बीण घेऊन समोरच्या टेकाडावरून सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. कड्याची सावली पडते तेव्हा त्यातली फट उठून दिसते. दुपारी सगळं सपाट दिसतं.

आक्का_दहिवडी

तुम्ही दुसरा डोंगर बघेन म्हणालात, ते वाचून मी आमच्या बायकांशी बोलले. कुणी म्हणालं येऊ द्या, कुणी म्हणालं नको. शेवटी ठरलं ते असं.

जूनपासून दसऱ्यापर्यंत त्या उतारावर कुणीही यायचं नाही. जानेवारीत बांध वाळून कडक होतात, तेव्हा चालेल. चर ओलांडायचे ते एकाच ठरलेल्या जागी. टाकीच्या उजव्या अंगाला पाण्याने कातळ उघडा पडलाय, तिथे आम्ही चर खणू शकलो नाही, कारण टिकावच लागेना. त्या उघड्या कातळावरून गेलात तर एकाही बांधाला पाय लागत नाही. फिनिक्सकरांनी पसरून चाला म्हटलंय ते त्यांच्या मुलखात खरं असेल. आमच्या चरांवर पसरू नका, त्या कातळावरून एकामागे एक जा. विडी-सिगारेट, चूल काही नाही. वाळलेल्या गवताला ठिणगी लागली तर आख्खा डोंगर जातो, आणि त्याबरोबर आम्ही लावलेली रोपं.

फिनिक्सकर

आक्का, तुमचंच बरोबर. जिथे दगड आहे तिथे दगडावरूनच.

सातारी_दोरखंड

कातळावर रांग चालेल, तिथे सुटं काही नसतं. वर घसारा लागला की रांग मोडा.

मेंढक्याचा_नातू

आक्कांनी सांगितला तो कातळ बरोबर. त्याच्या वर चर संपतात. तिथनं पुढं सांगतो, नीट वाचा.

कातळ संपला की सोंडेच्या मधोमध चढू नका, तिथं घसारा हाय. उजव्या कडेनं राहा. पहिल्या कड्याला एक बोरीचं झुडूप हाय, त्याच्या मागं कडा फुटलाय, हात न लावता चढता येतं. बोरीला धरू नका, काट्याचं सोडा, तिचं मूळ फटीत नुसतं अडकलंय. वर आलात की मेंढराची आडवी वाट लागती. दुसरा कडा समोर दिसतो, पण समोरनं जाऊ नका. त्या आडव्या वाटंनं डावीकडं जा, दोन हाळ्या ऐकू येतील एवढं लांब. तिथं कडा संपतो आन गवताची पट्टी माथ्यापर्यंत जाती. वाटंत घळीचं तोंड दिसंल, ते सोडून पुढं जायचं. उतरताना नेमकं तिथंच चुकतात, म्हणून दोरखंड म्हणाले तसे तीन दगड तिथं रचा.

कोरेगावचा_भटक्या

नातू, आक्का, मनापासून आभार. मग सोंडेनेच, उजव्या कडेने, पौष-माघात, गवत कापून झाल्यावर. चौघं जण, माणशी चार लिटर पाणी, ओआरएस, काठ्या, कंगवा. पहाटे निघून अकराच्या आत खाली. अर्धं पाणी संपलं की जिथे असू तिथून मागे फिरणार.

एक विनंती. नातू, तुम्ही किंवा घरातलं कुणी सोबत येऊ शकाल का? दिवसाची मजुरी आम्ही देऊ, ती तुम्ही सांगाल ती.

मेंढक्याचा_नातू

मी शनिवार-रविवार गावाकडं असतो, एरवी साताऱ्यात कामाला. मजुरीचं राहू द्या, चुलत्याला घिऊन येतो, तो अजून मेंढरं राखतो आन त्याला दगड माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्याला मजुरी द्या, त्याचा दिवस मोडतो. टाकीपाशी साडेपाचला या. गाडी वस्तीत लावा, टाकीपाशी लावू नका, पहाटं पाण्याला बायकांची गर्दी असती. आन बूट जुनेच घाला, नवीन बुटानं मुरमावर लय घसरतं.